खूण पेशीला लावली, पण पेशीला मानवली का?

‘प्रौढ मेंदूतही नव्या पेशी जन्मतात’, ‘अमुक रसायन गर्भाच्या मेंदूला घातक’, ‘स्टेम सेल्सपासून न्यूरॉन तयार’ अशा बातम्या दर काही महिन्यांनी येतात. सोबत काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे-लाल चमकणारे, फांद्या फुटलेले न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी. फोटो इतका देखणा असतो की एक साधा प्रश्न विचारायचा राहूनच जातो: या पेशी चमकतात कशामुळे? न्यूरॉन आपण होऊन चमकत नाही. कुणीतरी त्याच्यात एखादं रसायन घातलेलं असतं किंवा त्याच्यावर चिकटवलेलं असतं. आणि ते रसायन पेशी जिवंत असताना घातलं असेल, तर आपण जे पाहतो ते पेशीचं वागणं की रसायन पोटात घेतलेल्या पेशीचं वागणं, हा प्रश्न उरतोच.

या लेखात अशा खुणेच्या रसायनांबद्दल, म्हणजे लेबलांबद्दल लिहितो आहे. प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये वाढणाऱ्या कोवळ्या न्यूरॉनना ती कशी नडतात आणि बातमी वाचणाऱ्याने त्याचं काय करायचं, एवढाच विषय.

मुळात खूण लावायचीच कशाला?

जिवंत पेशी जवळपास पारदर्शक असते. १९०७ साली रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातल्या चेताऊतीचा बारीक तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू बाहेर वाढत जाताना पाहिला. त्यांना खूण लागली नाही, कारण प्रश्न सरळ होता: तंतू पेशीतूनच फुटतो का? आजचे प्रश्न त्याहून अवघड आहेत. डिशमधल्या हजारो पेशींपैकी कालपासून आजपर्यंत नव्याने जन्मलेल्या कोणत्या? त्यांतल्या किती पुढे न्यूरॉन झाल्या, किती मेल्या? नुसत्या डोळ्यांनी याचं उत्तर मिळत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पेशी आधी फॉर्मॅल्डिहाइडसारख्या रसायनाने मारायची, जागच्या जागी घट्ट करायची आणि मग रंगवायची, ही झाली एक पद्धत. याला प्रयोगशाळेत ‘फिक्स करणं’ म्हणतात. मेलेल्या पेशीला रंग कितीही विषारी असला तरी फरक पडत नाही. घोळ होतो तो दुसऱ्या पद्धतीत, जिथे पेशी जिवंत असतानाच खूण आत जाते आणि पेशीला पुढे काही तास, दिवस किंवा आठवडे तिच्यासह जगावं लागतं.

डिशमधला न्यूरॉन आधीच नाजूक

कल्चर म्हणजे शरीराबाहेर, पोषकद्रवात वाढवलेल्या पेशी. न्यूरॉनचं कल्चर बहुतेकदा उंदराच्या किंवा घुशीएवढ्या प्रयोगशाळेतल्या रॅटच्या गर्भापासून करतात. रॅटच्या बाबतीत साधारण अठरा दिवसांचा गर्भ घेतात, कारण त्या वयात हिप्पोकॅम्पसमधले, म्हणजे स्मृतीशी संबंधित भागातले, पुष्कळ न्यूरॉन नुकतेच जन्मलेले असतात आणि त्यांना अजून फारशा फांद्या फुटलेल्या नसतात. ऊती सुट्या करताना होते-नव्हते ते तंतूही तुटतात. मग डिशच्या तळाला चिकट थर देऊन त्यावर या पेशी सोडतात. पहिल्या दिवशी बारीक धुमारे, तीन-चार दिवसांत एक लांब तंतू आणि बाकीच्या आखूड फांद्या, दोन-तीन आठवड्यांत एकमेकांशी जोडण्या.

या काळात न्यूरॉन मरायला अगदी तयार असतो, आणि ही अतिशयोक्ती नाही. वाढत्या चेतासंस्थेच्या अनेक भागांत जन्मलेल्या न्यूरॉनपैकी निम्मेअधिक आपोआप मरतात. ज्यांना शेजाऱ्यांकडून पुरेसा पोषक इशारा मिळतो ते टिकतात. रीटा लेवी-मोंताल्चिनी यांनी शोधलेला ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ हा असाच एक इशारा; त्यासाठी त्यांना १९८६ चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे आत्मनाशाची यंत्रणा कोवळ्या न्यूरॉनमध्ये सज्जच असते, फक्त अडवून धरलेली असते. डिशमध्ये रक्तपुरवठा नाही, यकृत नाही, आधार देणाऱ्या ग्लिया पेशी मुद्दाम कमी ठेवलेल्या. पक्व पेशी जो त्रास सहज पचवेल तो इथे जीवघेणा ठरू शकतो.

डीएनएमधली परकी वीट

सगळ्यांत बोलकं उदाहरण ब्रोमोडीऑक्सीयुरिडीन या रसायनाचं. प्रयोगशाळेत त्याला बीआरडीयू म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पेशीचं विभाजन होण्याआधी तिला आपला सगळा डीएनए पुन्हा लिहावा लागतो. त्यासाठी चार प्रकारचे घटक लागतात. त्यांतला एक थायमिडीन. थायमिडीनवरचा एक छोटा कार्बनी गट काढून तिथे ब्रोमीनचा अणू बसवला की बीआरडीयू तयार होतं. दोघांचा आकार इतका जवळचा की डीएनए बांधणाऱ्या यंत्रणेला फरक कळत नाही. भिंत बांधताना विटांच्या ढिगात काही रंगीत विटा मिसळून ठेवाव्यात तसं हे आहे. गवंडी त्याही उचलतो आणि लावतो, आणि नंतर रंग पाहून सांगता येतं की ही भिंत अमुक दिवशी बांधली. ज्या पेशींनी त्या काळात डीएनए बांधला नाही, त्यांच्यात रंगीत वीट नाही.

प्रत्यक्षात काम असं चालतं. डिशमध्ये बीआरडीयू घालतात, सहसा १० मायक्रोमोलर, म्हणजे एका लिटर द्रवात जेमतेम ३ मिलिग्रॅम. डिश तास-दोन तास इन्क्युबेटरमध्ये परत जाते. मग पेशी फिक्स करतात आणि त्यांवर चक्क हायड्रोक्लोरिक आम्ल ओततात. डीएनएचे दोन पेड उघडल्याशिवाय आतल्या ब्रोमीनपर्यंत प्रतिपिंड पोहोचत नाही, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. त्यानंतर बीआरडीयूला ओळखून चिकटणारं प्रतिपिंड आणि त्याला जोडलेला चमकणारा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली काही केंद्रकं उजळतात. त्या पेशी विभाजनाच्या वाटेवर होत्या, असं आपण म्हणतो.

हे प्रतिपिंड १९८२ साली आलं आणि पद्धत झपाट्याने पसरली. त्याआधी किरणोत्सारी हायड्रोजन लावलेलं थायमिडीन वापरत. जोसेफ ऑल्टमन यांनी १९६० च्या दशकात प्रौढ रॅटच्या मेंदूत नवे न्यूरॉन जन्मत असल्याचं दाखवलं ते त्यानेच. पण ती खूण दिसायला फोटोग्राफीच्या पातळ थराखाली काचपट्ट्या आठवडेच्या आठवडे अंधारात ठेवाव्या लागत. बीआरडीयूचं काम दोन दिवसांत. कुणाला आवडणार नाही?

गंमत अशी की खूण म्हणून प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी बीआरडीयू वेगळ्याच कारणासाठी माहीत होतं. १९६४ सालीच दिसलं होतं की हे रसायन डिशमधल्या कोवळ्या पेशींना स्नायू बनण्यापासून रोखतं. पेशी जगते, पण तिला जे व्हायचं असतं ते ती होत नाही. म्हणजे ‘या पेशी पुढे काय झाल्या?’ हे पाहण्यासाठी आपण ज्या रसायनाची खूण निवडली, ते ‘पुढे काय व्हायचं’ यातच हात घालतं हे आधीपासून नोंदलेलं होतं. माझ्या मते हा या विषयातला सगळ्यांत दुर्लक्षित धागा आहे.

बिघडतं कुठे?

रंगीत विटेचा आकार बरोबर आहे, पण माल वेगळा आहे. ब्रोमीन आजूबाजूचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे बीआरडीयू अधूनमधून चुकीच्या जोडीदाराशी जुळतं आणि पुढच्या नकलेत अक्षर बदलतं; थोडक्यात, उत्परिवर्तन होतं. ब्रोमीन घातलेला डीएनए प्रकाशाला आणि क्ष-किरणांनाही हळवा होतो व सहज तुटतो. याच गुणामुळे कर्करोगात किरणोपचार अधिक परिणामकारक करण्यासाठी बीआरडीयू रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं. त्याच्या नात्यातली रसायनं तर सरळ औषधी विषं आहेत. सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध न्यूरॉनच्या प्रयोगशाळेत विभाजन करणाऱ्या ग्लिया पेशी मारून टाकण्यासाठी ठेवलेलं असतं, आणि मात्रा वाढली तर ते विभाजन थांबलेल्या न्यूरॉननाही मारतं.

मेंदूच्या मूळपेशींवर, म्हणजे ज्यांपासून न्यूरॉन बनतात त्या स्टेम सेल्सवर, याचे परिणाम पाहिले गेले आहेत. २००८ साली दिसलं की बीआरडीयूमुळे या पेशी वार्धक्यासारख्या अवस्थेत जातात: मरत नाहीत, पण विभाजन सोडून देतात. डिशबाहेरही असंच. १९९९ मध्ये ब्रायन कोल्ब आणि सहकाऱ्यांनी गर्भावस्थेत किंवा जन्मानंतर लगेच बीआरडीयू मिळालेल्या रॅटच्या मेंदूच्या रचनेत आणि वागण्यात विकृती नोंदवल्या, आणि किती वयात डोस मिळाला त्यावर त्या अवलंबून होत्या. २०११ मध्ये अल्वारो डुके आणि पास्को राकिच यांनी माकडांच्या गर्भात बीआरडीयू आणि जुनी किरणोत्सारी खूण यांची तुलना केली. पेशी किती वाढल्या, कुठे जाऊन बसल्या आणि पुढे काय बनल्या, या तिन्ही बाबतींत दोन खुणांची उत्तरं जुळली नाहीत. एकाच प्रश्नाला दोन खुणा दोन उत्तरं देत असतील तर निदान एक खूण गप्प बसलेली नाही, हे उघड आहे.

यात वेळेचा मुद्दा कळीचा आहे. दोन तास बीआरडीयू देऊन लगेच पेशी फिक्स केली तर नुकसान व्हायला वावच मिळत नाही, आणि ‘आत्ता किती पेशी डीएनए लिहीत होत्या’ याचं उत्तर विश्वासार्ह असतं. तीच खूण दिवसभर ठेवली आणि मग तीन आठवड्यांनी मोजणी केली, तर त्या तीन आठवड्यांत खुणेने काय केलं हेही आकड्यात मिसळलेलं असतं. रसायन तेच, मात्रा तीच, तरी एक प्रयोग भरवशाचा आणि दुसरा संशयास्पद. म्हणून ‘बीआरडीयू विषारी आहे का?’ या प्रश्नाला हो-नाहीत उत्तर नाही.

नवी खूण आली ना? मग प्रश्न मिटला

२००८ साली एड्रियन सालिक आणि टिमथी मिचिसन यांनी ईडीयू नावाची खूण पुढे आणली. ब्रोमीनऐवजी इथे कार्बनचा तिहेरी बंध आहे, आणि तो क्लिक रसायनशास्त्राने रंगाच्या रेणूशी पटकन जोडता येतो. (क्लिक रसायनशास्त्राला २०२२ चं नोबेल मिळालं.) आम्ल नको, प्रतिपिंड नको, काम तासाभरात. प्रयोगकर्त्याची सोय प्रचंड झाली. पेशीची झाली असं म्हणता येत नाही, कारण परकी वीट भिंतीत बसतेच. जास्त काळ ठेवलं तर ईडीयू अनेक पेशींत डीएनए तोडतं, विभाजन अडवतं आणि पेशी मारतं. काही पेशींत तर बीआरडीयूपेक्षा जास्त.

डीएनएला हात न लावणारे रंग तरी निर्धोक?

काही बऱ्यापैकी. डायआय हा तेलकट रंग पेशीच्या आवरणात शिरून बसतो. १९८६ साली कल्चरमधल्या न्यूरॉनवर तो दीर्घकाळ वापरून पाहिला तेव्हा न्यूरॉन नीट जगले आणि वाढले. पण त्यावरून सगळ्या रंगांना शिफारसपत्र देता येत नाही.

हेख्स्ट ३३३४२ हा निळा रंग जिवंत पेशीत शिरून डीएनएच्या खाचेत बसतो. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एका विकराला तो अडथळा करतो, आणि तो दिसण्यासाठी अतिनील प्रकाश टाकावा लागतो. म्हणजे डीएनएवर चिकटलेला रेणू आणि वरून अतिनील किरण.

कॅल्शियम दाखवणारे रंग वेगळ्या वाटेने त्रास देतात. न्यूरॉन उद्दीपित झाला की आत कॅल्शियम शिरतं. रॉजर सिएन यांनी १९८५ मध्ये आणलेला फ्युरा-२ कॅल्शियमला पकडतो आणि त्याची चमक बदलते. हा रेणू तसा पेशीत शिरत नाही, म्हणून त्याला रासायनिक टोप्या घालून आत पाठवतात. आत गेल्यावर पेशीतले विकर त्या टोप्या कापतात, आणि कापताना उपपदार्थ म्हणून फॉर्मॅल्डिहाइड सुटतं. तेच फॉर्मॅल्डिहाइड, ज्याने आपण पेशी मारून फिक्स करतो! प्रमाण अर्थातच फार कमी असतं. पण रंग जास्त भरला तर तो कॅल्शियम मोजण्याऐवजी शोषूनच घेतो, आणि वाढत्या न्यूरॉनमध्ये तंतूचं टोक कुठे वळायचं हेही बऱ्याच अंशी कॅल्शियमवर ठरतं. २०१८ मध्ये मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने दाखवलं की असे नेहमीच्या वापरातले रंग पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंपच मंदावतात. न्यूरॉनची विद्युत व्यवस्था या पंपावर चालते.

उरले दोन मूक साथीदार. एक, प्रकाश: चमकणारा प्रत्येक रेणू प्रकाश शोषताना थोडा ऑक्सिजन आक्रमक रूपात बदलतो आणि तो आवरणातली स्निग्धद्रव्यं जाळत सुटतो. दुसरा, रंग विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ. २००९ साली दिसलं की पिल्लू उंदरांच्या मेंदूत डीएमएसओ एकट्यानेच मोठ्या प्रमाणावर पेशीमृत्यू घडवतं. ते मोठ्या मात्रेचं प्रकरण होतं, डिशमध्ये ते एका टक्क्याच्या आत ठेवतात. तरी ‘नुसता द्रावक’ असं म्हणून त्याला सोडून देऊ नये.

‘पण कंट्रोल असतोच की!’

हा सगळ्यांत वाजवी आक्षेप. एका डिशमध्ये औषध अधिक खूण, दुसऱ्यात, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या ‘कंट्रोल’मध्ये, फक्त खूण. खुणेचं नुकसान दोन्हीकडे सारखं, म्हणून वजाबाकीत ते जातं, असा हिशोब. नुकसान नुसतं बेरजेने वाढत असेल तर हिशोब बरोबर आहे. पण समजा, तपासायचं औषध पेशीची डीएनए दुरुस्ती किंचित मंदावतं. एरवी पेशी ते निभावून नेते. बीआरडीयूने डीएनएत जागोजाग कमकुवत जागा केल्या असतील, तर तेच औषध जीवघेणं दिसेल. नुकसान गुणाकाराने वाढलं, आणि दोष सगळा औषधाच्या नावावर पडला. हे पकडायला तिसरी डिश लागते: औषध आहे, खूण नाही. आणि चौथी, जिथे दोन्ही नाहीत. अशा डिशमधल्या पेशी खुणेशिवाय मोजायच्या कशा, ही अडचण खरी आहे, पण फिक्स करून रंगवण्याचा मार्ग असतोच.

दुसरा घोटाळा मोजणीचा. बीआरडीयू डीएनए-निर्मिती दाखवतं, जन्म नव्हे. ऑक्सिजन आणि रक्त तुटलेल्या मेंदूत मरणारे काही न्यूरॉन मरण्याआधी डीएनए लिहायला घेतात, हे २००४ मध्ये उंदरांत दाखवलं गेलं. ते खूण उचलतात आणि मोजणीत ‘नवजात’ म्हणून गणले जाण्याचा धोका असतो. तिसरा घोटाळा याहून विचित्र आहे. २००६ मध्ये दिसलं की खूण लावून रोपण केलेल्या पेशी मेल्या की त्यांची खूण सुटून आसपासच्या, आधीपासून तिथे असलेल्या पेशींत जाते. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याला वाटतं, रोपण केलेल्या पेशींचे न्यूरॉन झाले. स्टेम सेल्सच्या काही उत्साही दाव्यांकडे मी तेव्हापासून जरा सावधपणे पाहतो.

मग आजवरचं सगळं खोटं?

अजिबात नाही. १९९८ साली पीटर एरिक्सन, फ्रेड गेज आणि सहकाऱ्यांनी, ज्या कर्करुग्णांना निदानासाठी बीआरडीयू दिलं होतं त्यांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासले आणि हिप्पोकॅम्पसमध्ये खूण असलेले न्यूरॉन दाखवले. त्यावर शंका घेतल्या गेल्या, घ्यायलाच हव्या होत्या. मग २०१३ मध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने अशी खूण वापरली जी कुणी लावलेलीच नव्हती. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढवला होता, तो अन्नातून सगळ्यांच्या डीएनएत गेला, आणि त्याच्या प्रमाणावरून न्यूरॉनचं जन्मवर्ष काढता येतं. त्यांचंही उत्तर आलं की प्रौढपणी नवे न्यूरॉन जन्मतात. पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या गटाला असे न्यूरॉन सापडले नाहीत आणि वाद पुन्हा पेटला. तो वाद मात्र बीआरडीयूवरचा नव्हता. स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर येतं का, हे पाहत राहणं एवढाच उपाय असतो.

आणि डिशमध्ये पेशी मेल्या म्हणून गर्भातही तेच होईल असंही नाही. शरीरात बीआरडीयू काही तासांतच मोडून निघून जातं. डिशमध्ये द्रव बदलेपर्यंत ते तिथेच असतं.

याने आपल्याला काय फरक पडतो?

गर्भाच्या मेंदूला कोणती रसायनं घातक आहेत हे तपासताना प्राण्यांऐवजी पेशींच्या कल्चरवर भर वाढतो आहे. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०२३ मध्ये अशा चाचण्यांच्या संचाबद्दल प्राथमिक शिफारशी प्रसिद्ध केल्या. मूळपेशींचं विभाजन, न्यूरॉन बनणं, तंतू फुटणं, जोडण्या होणं असे वेगवेगळे टप्पे त्यात मोजतात, आणि विभाजनाच्या टप्प्यात बीआरडीयूही वापरलं जातं. या चाचण्यांवरून कीटकनाशकांबद्दल आणि औद्योगिक रसायनांबद्दल निर्णय होणार असतील, तर खुणेची मात्रा आणि वेळ ही तांत्रिक तळटीप राहत नाही. खुणेमुळे निर्दोष रसायन घातक ठरू शकतं. उलटही होतं: खुणेने आधीच इतक्या पेशी दबल्या असतात की घातक रसायनाचा वेगळा परिणाम उठून दिसत नाही.

प्रयोगशाळांकडे पर्याय आहेत. केआय-६७ हे प्रथिन विभाजन करणारी पेशी स्वतःच बनवते. पेशी फिक्स करून ते शोधलं की जिवंतपणी काहीच घालावं लागत नाही. तंतूंची लांबी साध्या फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाने रंगाशिवाय मोजता येते. न्यूरॉनचे विद्युत स्पंद डिशच्या तळातल्या बारीक इलेक्ट्रोडनी टिपता येतात. जनुकातून चमकणारं हिरवं प्रथिन घालतात तेही आहे, पण ते घडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते आत न्यायला बहुधा विषाणू लागतो, त्यामुळे त्याला पूर्ण निर्दोष म्हणता येत नाही.

यांतलं काहीही जन्मतारीख सांगत नाही. केआय-६७ ‘आत्ता विभाजन चालू आहे’ एवढंच सांगतं. पंधरा दिवसांपूर्वी जन्मलेला न्यूरॉन नेमका कोणता, हे त्याला माहीत नाही. त्या प्रश्नासाठी अजून बहुधा बीआरडीयू किंवा ईडीयूसारखी खूण लागते. तेव्हा असा निष्कर्ष सांगणारी बातमी दिसली की मूळ शोधनिबंधातला पद्धतींचा भाग उघडावा. तिथे खूण किती वेळ ठेवली आणि खूण न लावलेल्या डिशमध्ये किती पेशी जगल्या, हे दोन आकडे असायला हवेत. दुसरा आकडा नसेल तर पहिल्याचा अर्थ लावता येत नाही.